सहाशे चाळीस ग्रॅमचे बख्तर

१ मे १९६० रोजी जुन्या मुंबई राज्याचे विभाजन होऊन महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन राज्ये एकाच दिवशी अस्तित्वात आली. बडोद्यातल्या मराठी माणसाची त्यामुळे दर वर्षी थोडी पंचाईत होते. तारीख एक, वाढदिवस दोन, आणि आपण नक्की कोणाच्या मांडवात बसायचे हे ठरत नाही. सुभानपुऱ्यातील एका मराठी मंडळाने यावर फार पूर्वीच तोडगा काढला होता. त्या दिवशी भाषणे कोणाचीच ठेवायची नाहीत, नाटक करायचे.

दुर्गा लक्ष्मीकांत पोतनीस हिने १९९८ ते २०२३ या काळात मंडळाच्या तेवीस नाटकांत काम केले. साथीची दोन वर्षे आणि मुलीच्या जन्माचे एक वर्ष वजा केले, तर ती एकदाही चुकली नव्हती. नोकरी एका शाळेच्या विज्ञान प्रयोगशाळेत सहायक म्हणून. परीक्षानळ्या धुणे, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावणे, आम्लाचे कपाट बंद आहे ना हे जाण्यापूर्वी दोनदा पाहणे, ही तिची कामे. पोतनिसांचे पूर्वज संस्थानच्या नोकरीत होते असे घरात सांगतात. सनदा किंवा तलवारी मात्र घरात नाहीत. एक पितळी दौत आहे. तिच्यावर संस्थानची मोहोर आहे म्हणतात, पण ती इतकी झिजली आहे की खात्री करता येत नाही.

२०२४ सालच्या १ मेसाठी मल्हाररावांनी स्वतःच एक दोन अंकी नाटक लिहिले होते. मल्हारराव मंडळाचे दिग्दर्शक. वय चौऱ्याहत्तर, आवाज चाळिशीतला. नाटकातला किल्ला काल्पनिक होता आणि त्याची किल्लेदारीणही काल्पनिक. नवरा लढाईत पडल्यावर ही बाई अकरा दिवस वेढ्याला तोंड देते आणि बाराव्या दिवशी स्वतःच दरवाजा उघडायला सांगते. भूमिका दुर्गासाठीच लिहिलेली होती. तालमींचा तिसरा आठवडा चालू असताना तिच्या तपासणीचा अहवाल आला. ३ एप्रिल २०२४ रोजी शस्त्रक्रिया झाली. डावा स्तन आणि काखेतल्या अकरा ग्रंथी काढण्यात आल्या. डाव्या हाताने जड उचलायचे नाही, त्या खांद्यावर वजन घ्यायचे नाही, त्या हातात सुई टोचून घ्यायची नाही, अशा सूचना मिळाल्या. काखेपासून कोपरापर्यंतचा आतला भाग आणि छातीची डावी बाजू बधिर झाली होती. डॉक्टर म्हणाले, संवेदना परत येते. कधी कधी येत नाही. वर्षभर वाट पाहू.

बधिरपणा तेवढ्या जागेपुरता राहिला असता तर दुर्गाने तो सहज सांभाळला असता. पण ऑगस्टमध्ये सानवीला, म्हणजे मुलीला, नोकरी लागली. घरी पेढे आले, आणि आपण किती वेळ हसायचे हे आपल्याला मनात ठरवावे लागते आहे असे दुर्गाच्या लक्षात आले. दिवाळीत शेजारच्या म्हाताऱ्या बाई गेल्या. त्यांच्याकडे ती तासभर बसून आली, चहा करून दिला, रडणाऱ्यांच्या पाठीवरून हात फिरवला. घरी येऊन हात धुताना तिच्या लक्षात आले की त्या तासाभरात तिला काहीच वाटले नव्हते, आत्ता नळाचे पाणी गार लागले एवढेच. लोक म्हणत, "दुर्गाताई, तुमचा धीर मानला पाहिजे." ती मान हलवी. धीर धरायला समोर काहीतरी असावे लागते, हे तिने कोणाला सांगितले नाही.

मल्हाररावांनी नाटक एक वर्ष बाजूला ठेवले. "नाटक कुठे पळून जात नाही," ते म्हणाले. "किल्ला आहे तो. अकरा दिवसांचा वेढा वर्षभर लांबला, एवढंच."

२०२५ च्या फेब्रुवारीत ते संहिता घेऊन पुन्हा घरी आले. दुर्गाने ती त्यांच्याच हातात परत दिली.

"मी आता उभी राहणार नाही, मल्हारराव."

"कारण?"

"दिसतं. पहिल्या रांगेतली बाई आधी तिथेच बघणार. मग सगळ्या रांगा."

मल्हाररावांनी चष्मा काढून पुसला. हे कारण खरे होते, पण पूर्ण नव्हते. जिला आतून काही वाटतच नाही, तिने चारशे माणसांसमोर वाटल्याचे सोंग आणायचे कुठून, हा तिचा खरा प्रश्न होता. तेवीस नाटकांत तिने सोंग कधी आणले नव्हते. दर वेळी थोडेसे खरेच वाटले होते, तेवढेच मोठे करून दाखवले होते. आता मोठे करायला काही उरले नव्हते. एकदा रंगमंच सुटला की तो सुटलाच, हेही तिला ठाऊक होते, आणि ठाऊक असूनही काही होत नव्हते.

"बरं," मल्हारराव म्हणाले. "मग विंगेत बसा. कांचनला घेतो. तिला वाक्यं पुरवायला माणूस लागणारच, तेही भरपूर."

कांचन बँकेत अधिकारी होती. पावणेसहा फूट उंच, खणखणीत आवाजाची, आणि पाठांतराच्या नावाने शून्य. दुर्गा विंगेत लाकडी स्टुलावर बसू लागली. संहिता मांडीवर असे, पण ती उघडावी लागत नसे.

अडचण बख्तराची निघाली. मंडळाच्या कपाटात १९८६ साली पत्रा आणि कागदाच्या लगद्याचे केलेले एक बख्तर होते. वजन पावणेपाच किलो. मार्चमधल्या एका तालमीत ते घालून कांचनने पहिला प्रवेश कसाबसा ओढला आणि मधेच खाली बसली.

"मल्हारराव, किल्ला नंतर पडेल. आधी मीच पडते."

"मे महिन्यात हॉलमध्ये पंखे लागतात, कांचन."

"पंख्यांनी पत्रा थंड होत असता तर आमच्या बँकेच्या पत्र्याच्या शेडमध्ये एसी कशाला लावला असता?"

ही अडचण दुर्गाने घरी सहज सांगितली. लक्ष्मीकांत, तिचा नवरा, त्या जानेवारीत निवृत्त झाला होता. गोरव्याच्या एका कारखान्यात त्याने एकतीस वर्षे पत्र्याच्या नळांचे नमुने आखले. हवा खेळवण्याचे मोठे नळ, त्यांचे कोपरे, नरसाळी. सपाट पत्र्यावर अशा रेषा मारायच्या की कापून वाकवल्यावर नेमका आकार उभा राहावा. या कामाने त्याला एक सवय लावली होती. कुठलेही माप सांगा, तो आधी विचारी, "आतलं की बाहेरचं?" कुकरची रबरी कडी आणायला निघाला तरी हाच प्रश्न. कागदावर प्रत्येक आकड्यापुढे तो 'आयडी' किंवा 'ओडी' लिही, म्हणजे आतले माप किंवा बाहेरचे. सानवीच्या कपाटाच्या चित्रावरही लिहिले होते. सानवी त्यावरून त्याला छळत असे.

बख्तराचा विषय निघाल्यावर तीच आपल्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाली, "पपा, फोम घ्या ने. लहान मुलांच्या खेळण्याच्या चटया असतात ना, तसला. कॉलेजच्या फेस्टमध्ये आम्ही अख्खा ड्रॅगन केलेला. चारशे रुपयांत."

"चारशेत ड्रॅगन?"

"शेपूट नव्हती."

लक्ष्मीकांत हसला नाही. त्याने मोबाइलवर तिचे दोन व्हिडिओ पाहिले, पुन्हा पहिल्यापासून पाहिले, आणि विचारले, "हा वाकतो कसा?"

"गरम हवा मारायची. थंड झाला की तसाच राहतो."

"मग हा पत्राच झाला," तो म्हणाला.

पुढच्या रविवारी दोघे स्कूटरवरून छाणीला गेले. तिथल्या एका गोदामात चटया कापून उरलेले तुकडे किलोवर मिळत होते. सानवी मागे बसून राखाडी फोमची मोठी गुंडाळी धरून आली. वाऱ्याने ती इतकी फडफडत होती की चौकातल्या पोलिसाने थांबवून विचारले, "बेन, आ शुं छे?" सानवीने सांगितले, "बख्तर." त्याने हातानेच जायची खूण केली.

६ एप्रिलला कांचन माप द्यायला घरी आली. इथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. लक्ष्मीकांतने फीत हातात घेतली नाही. परक्या बाईच्या छातीला फीत लावणे त्याच्या रीतीत बसत नव्हते. तो पाठ करून जेवणाच्या टेबलाशी बसला, समोर खाकी कागद पसरला. फीत दुर्गाने लावली. अंगरख्यावरून, श्वास भरून घ्यायला लावून.

"अहो, एकशे चार," तिने सांगितले.

"सेंटिमीटर म्हणा हं जोरात," कांचन म्हणाली. "शेजाऱ्यांना किलो वाटायचे."

लक्ष्मीकांतने आकडा लिहिला. नेहमीचा प्रश्न त्याने विचारला की नाही, हे दुर्गाला नंतर कितीही आठवून आठवेना. तिच्या समोर त्या वेळी कांचनची छाती होती. फीत दोन्ही बाजूंनी सारखी फिरत होती, आणि आपली बोटे ती धरून आहेत एवढे तिला दिसत होते.

त्यानंतर तीन आठवडे मागची गॅलरी हा कारखाना झाला. लक्ष्मीकांतने आधी सगळे कागदावर उभे केले: छातीचा पुढचा भाग, पाठ, खांदे, कमरेखालच्या सहा पाकळ्या. मग कागदाभोवती फोमवर रेषा मारून एक सेंटिमीटर जाडीचे तुकडे कापले. पाते दर तीन कापांनंतर दगडावर घासायचे, नाहीतर कड फाटते. जोडाच्या कडा तिरक्या कापायच्या. चपला चिकटवायचे सोल्यूशन दोन्ही कडांना लावून दहा मिनिटे थांबायचे, बोटाला चिकटेनासे झाले की कड कडेला दाबायची. एकदा चिकटले की माघार नाही. वर पाण्यात पातळ केलेल्या पांढऱ्या गोंदाचे तीन हात, म्हणजे फोमची छिद्रे बुजतात. मग काळा रंग. तो वाळल्यावर स्पंजाने रुपेरी रंग नुसता पुसल्यासारखा. खिळ्यांच्या जागी रावपुऱ्यातल्या दुकानातून आणलेले अर्धे मोती. रंग चढल्यावर दोन हातांवरून ते पोलादी दिसे, आणि उचलले की हात चुकून वरच जाई.

"किती भरलं?" दुर्गा एकदा विचारायची म्हणून विचारून गेली.

"अजून पट्टे लागायचेत. सहाशेच्या आसपास राहील." त्याने स्वयंपाकघरातला वजनकाटा गॅलरीतच ठेवला होता. प्रत्येक तुकडा जोडला की वजन. अस्तराचे कापड त्याने दोनदा बदलले. तीस ग्रॅम वाचले. मल्हाररावांनी फक्त हलके हवे म्हटले होते. इतके हलके कोणी मागितले नव्हते. पण एकतीस वर्षे मिलिमीटरमध्ये काढलेल्या माणसाच्या हातात रिकामा वेळ आला की तो असेच करणार, असेही म्हणता येते.

छातीचा भाग वाकवायला त्याने उलटे पिंप वापरले. गरम हवेने फोम तापवायचा, पृष्ठभाग किंचित चकाकला की पिंपावर दाबायचा, निवेपर्यंत धरून ठेवायचा. एका संध्याकाळी त्याने दुर्गाला धरायला बोलावले.

"पाच मिनिटं. हलू नको."

ती पिंपाला मिठी मारल्यासारखी उभी राहिली. पाच मिनिटांनी हात काढला तेव्हा डाव्या दंडाच्या आतल्या बाजूला चार बोटे रुंद लाल पट्टा उठला होता. तिला काही कळले नव्हते. लक्ष्मीकांतने पट्टा पाहिला. आत जाऊन बर्फ आणला, फडक्यात गुंडाळून दिला, आणि दुसऱ्या दिवसापासून फोम जुन्या साडीच्या काठाने पिंपाला बांधू लागला. तिला पुन्हा बोलावले नाही.

अस्तर लावताना त्याने आत डाव्या बाजूला एक मऊ, भरीव खिसा केला. सानवीने विचारले, "इथे काय?"

"माइकची पेटी बसेल. मल्हाररावांनी सांगितलंय. भोवती भर नसेल तर खडखडते."

हे खरे होते. मल्हाररावांनी बिनतारी माइकचे सांगितले होते. कोणत्या बाजूला, हे सांगितले नव्हते.

२९ एप्रिल २०२५, मंगळवार. संध्याकाळी साडेपाचला शाळेच्या हॉलमध्ये रंगीत तालीम. लक्ष्मीकांतने बख्तर जुन्या चादरीत गुंडाळून आणले. कांचनने हात घातले, दुर्गाने मागून धरले, सानवीने बाजूच्या कड्या ओढल्या. पुढची कड आणि मागची कड यांच्यामध्ये चांगली तीन बोटे फट राहिली.

"श्वास सोडा कांचनमावशी."

"सोडला."

"अजून सोडा ने."

"अगं, यापेक्षा जास्त सोडला तर परत यायचा नाही."

लक्ष्मीकांत पुढे आला. बख्तर उतरवून घेतले, उलटे केले, आतून फीत लावली. फीत सत्त्याण्णवच्या थोडी पुढे थांबली. त्याने बाहेरून लावली. एकशे चार. नेमके एकशे चार.

पत्रा पाऊण मिलिमीटरचा असतो. वाकवल्यावर आतले माप आणि बाहेरचे माप यांत ढोबळ कामापुरता फरक धरत नाहीत. फोम एक सेंटिमीटर जाड होता. त्याचे कडे पूर्ण फिरून आले की आतला घेर सव्वासहा सेंटिमीटरने कमी भरतो. बाहेर एकशे चार ठेवले तर आत सत्त्याण्णव पूर्णांक सात. शाळेतल्या मुलालाही करता येईल असे हे गणित आहे.

"जाडी राहिली," लक्ष्मीकांत म्हणाला.

तो एवढेच बोलला. चेहऱ्यावर काही नव्हते, पण त्याच्या चेहऱ्यावर एरवीही फारसे काही नसे.

"पपा! आतलं की बाहेरचं?" सानवी ओरडली, आणि मग त्याच्याकडे बघून आवाज उतरवला. "होईल ने पण. बाजूला पट्टी जोडू. दोन तासांचं काम."

"होईल," तो म्हणाला. "उद्या संध्याकाळपर्यंत होईल. रंगाचा जोड जवळून दिसेल थोडा."

मल्हाररावांनी घड्याळ पाहिले. प्रकाशयोजनेचा माणूस सातला जाणार होता आणि रुपेरी रंगावर दिवे कसे उठतात हे अजून पाहायचे होते. त्यांनी हॉलभर नजर फिरवली. सानवी फार बारीक होती. विंगेजवळ स्टुलावर दुर्गा होती.

"दुर्गाबाई, तुम्ही जरा घालून उभ्या राहता? दिवे लावून बघू. बोलायचं काही नाही. खुंटीसारखं उभं राहायचं."

दुर्गा उठली. नाही म्हणायला जितके बळ लागते तितकेही तिला त्या क्षणी काढावेसे वाटले नाही. तिने अंगरखा चढवला, हात घातले. सानवीने कड्या ओढल्या. दोन्ही बाजूंच्या कडा एकमेकींना येऊन टेकल्या. ना फट, ना चोळामोळा. डावीकडचा मऊ खिसा जिथे यायला हवा तिथे आला. खांद्यावर वजन जवळजवळ नव्हते.

सानवीने बापाकडे पाहिले. तो चादरीची घडी घालत होता.

दुर्गा मधोमध जाऊन उभी राहिली. पिवळा दिवा लागला, मग निळा. मल्हारराव हातात काठी घेऊन भोवती फिरले. हे पोलाद वाजते कसे, ते पाहायला त्यांनी काठीचे टोक उजव्या बाजूवर टेकवले. ठप्प. मग डाव्या बाजूवर. ठप्प.

"आवाज मऊ आहे. तलवारीचा खणखणाट मागून द्यावा लागेल," ते प्रकाशवाल्याला म्हणाले.

दुर्गा मात्र त्या दोन ठोक्यांवर थांबली होती. उजवीकडे तिला काही लागले नव्हते. डावीकडेही लागले नव्हते. शस्त्रक्रियेनंतरच्या वर्षभरात पहिल्यांदाच तिच्या दोन्ही बाजू सारख्या होत्या. बख्तर घातलेल्या कोणालाही इथे काही जाणवणार नव्हते. ते त्यासाठीच तर असते. हा विचार आनंदाचा नव्हता. तो नुसता बरोबर होता, जुळलेल्या बेरजेसारखा. ती त्याच्याकडे बघत राहिली.

आणि बोलायचे काही नाही असे ठरलेले असताना तिने बाराव्या दिवसाचे वाक्य म्हटले. आवाज चढवला नाही. प्रयोगशाळेत कुठली बाटली कुठे ठेवायची हे सांगावे, तसे म्हटले.

"दरवाजा उघडा. आत काही उरलेलं नाही, हे त्यांनी येऊन बघावं."

मल्हाररावांची काठी हवेतच राहिली. गेले सव्वा वर्ष हे वाक्य त्यांच्या कानात गर्जनेसारखे होते. कांचन ते तसेच म्हणत असे आणि त्यांनीच तिला तसे बसवले होते.

"पुन्हा," ते म्हणाले.

दुर्गाने पुन्हा म्हटले. तसेच.

कांचनने विंगेतल्या स्टुलावर जाऊन बैठक मारली आणि संहिता मांडीवर घेतली.

"हे काय?" मल्हाररावांनी विचारले.

"माझी जागा. इथून मला सगळी वाक्यं येतात, कागदावर लिहिलेली आहेत." मग ती दुर्गाकडे वळली. "दुर्गाताई, तुमच्या मिस्टरांनी मला वाचवलंय. आता तुम्ही नाही म्हणालात तर मी तो पत्रा घालीन आणि पहिल्याच अंकात आडवी होईन. माझ्या पोरांकडे बघा."

"तुला मुलं नाहीत, कांचन."

"शेजाऱ्यांच्या पोरांकडे बघा."

सगळे हसले. दुर्गाही हसली. किती वेळ हसायचे हे या वेळी तिने ठरवले होते की नाही, तिच्या लक्षात राहिले नाही.

"दिसत नाही ना?" तिने सानवीला हळूच विचारले.

"काहीच नाही, मम्मी. सरस दिसतेस. जबरी."

१ मे २०२५ रोजी संध्याकाळी सहा वाजता प्रयोग सुरू झाला. बाहेर उन्हाळा असा होता की पडदा ओढणाऱ्याने दोरी धरायला ओला रुमाल घेतला होता. चारशे खुर्च्यांपैकी साडेतीनशेच्या वर भरल्या होत्या. दुर्गा एक तास चाळीस मिनिटे बख्तरात होती. अंगरखा घामाने भिजून अंगाला चिकटला, तो फक्त उजवीकडे चिकटल्यासारखा वाटला. कांचनने विंगेतून एकदाही वाक्य पुरवले नाही. दुर्गाला गरज पडली नाही. बाराव्या दिवसाच्या वाक्यानंतर टाळ्या लगेच आल्या नाहीत. आधी एक मोकळी जागा गेली. रंगमंचावरून ती किती मोठी होती हे मोजता येत नाही. मल्हारराव म्हणतात चार सेकंद, पण मल्हारराव स्वतः नाटककार आहेत, त्यांचा आकडा धरता येणार नाही.

पहिल्या रांगेतल्या बायका कुठे बघत होत्या हे दुर्गाने पाहिले. त्या तिच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. तिला काय वाटले, असे नंतर अनेकांनी विचारले. तिने खरे ते सांगितले: काही विशेष नाही. फक्त खाली उतरल्यावर तिने बख्तर लगेच काढू दिले नाही. घरापर्यंत ते घालूनच सानवीच्या मागे स्कूटरवर बसून गेली. सिग्नलला एका रिक्षावाल्याने "जय हो" म्हणून हात जोडले, तिनेही उलट जोडले.

पट्टे आणि कड्यांसह बख्तराचे वजन सहाशे चाळीस ग्रॅम आहे. ते मंडळाच्या कपाटात न जाता पोतनिसांच्या माळ्यावर आहे, आणि पुढच्या १ मेसाठी दुर्गाने मल्हाररावांना होकार दिला आहे. नमुन्याचे खाकी कागद त्याच्या शेजारीच गुंडाळून ठेवलेले आहेत. जूनमध्ये माळा साफ करताना तिने ती गुंडाळी उघडली. आतल्या बाजूला एक जुना कागद निघाला. २२ मार्च २०२४ ही तारीख, म्हणजे अहवाल येण्याच्या आधीची; किल्लेदारणीच्या पोशाखासाठी तेव्हा सानवीने आईचे माप घेतले होते, आणि लक्ष्मीकांतच्या अक्षरात लिहिले होते: घेर ९७.५ आयडी. बाहेरच्या कागदावर ६ एप्रिल २०२५ ही तारीख, त्याच अक्षरात: घेर १०४. त्या आकड्यापुढे आयडी नव्हते आणि ओडीही नव्हते. बाकी प्रत्येक आकड्यापुढे होते. खांदा, गळा, पाकळ्यांची लांबी, सगळीकडे. फक्त त्या एका जागी कागद कोरा होता. तिथे काही लिहून खोडल्याची खूण आहे का, हे पाहायला तिने कागद खिडकीशी नेऊन उजेडात धरला. खूण नव्हती.

जुने माप आणि बख्तराचा आतला घेर यांत दोन मिलिमीटरचा फरक येतो. हा योगायोग असू शकतो. शिवाय शस्त्रक्रियेनंतरचे दुर्गाचे माप घरात कोणाकडेच नव्हते. तिने कोणाला घेऊ दिले नव्हते. उरलेली जागा माइकच्या खिशाने भरून काढली, आणि खिसा माइकसाठीच होता. पट्टी जोडून उद्यापर्यंत होईल असे लक्ष्मीकांतही त्या संध्याकाळी म्हणाला होता, हेही विसरून चालणार नाही. उलट बाजूने पाहिले तर एकतीस वर्षांत जाडी विसरल्याची त्याची दुसरी एकही गोष्ट घरात कोणाला ठाऊक नाही.

दुर्गाने गुंडाळी पूर्वीसारखी बांधली. लक्ष्मीकांत खाली वर्तमानपत्र वाचत होता. विचारणे सोपे होते. प्रश्न त्याचाच होता आणि त्याचे शब्दही ठरलेले होते. पण तो 'विसरलो होतो' म्हणाला तर विषय तिथे संपेल, आणि नाही म्हणाला तर त्यावर तिला काहीतरी वाटावे लागेल. तेवढे आपल्यात परत आले आहे का, याची तिला खात्री नव्हती. ती शिडीवरून उतरली आणि विचारले, "चहा टाकू?"

"टाक," तो म्हणाला.

डाव्या बाजूची संवेदना अजून आलेली नाही. येईल की नाही, हे डॉक्टर सांगू शकलेले नाहीत. आणि ६ एप्रिलच्या त्या कागदावर लक्ष्मीकांत जाडी विसरला होता की नाही, हे दुर्गाने विचारलेले नाही, त्याने सांगितलेले नाही, आणि कागदावरून ते ठरत नाही.